शनिवारचा नाग

"काच वर कर. गार वारा थेट छातीत शिरतोय तुझ्या."

"छाती माझी, वारा सगळ्या गावाचा. तुमचं काय मध्येच?" डो फ्यू म्हणाल्या आणि काच होती त्याहून बोटभर खाली केली.

ऊ थाऊंगनी हात लांबवून ती वर केली. त्यांनी परत खाली केली. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या नीलारने आरशात पाहिलं आणि हसू ओठांतच मुरवलं. बागानचे पॅगोडे दाखवत माणसं फिरवायची, हे तिचं काम. एका वेळी एकच कुटुंब, एकच गाडी. एवढ्या वर्षांत तिला एक कळलं होतं, गाडीत बसल्या बसल्या भांडणारी जोडपी दिवसभर गोड राहतात. गप्प बसणाऱ्यांना जपावं लागतं.

हे दोघं पाथेइनचे. 'ऊ' आणि 'डो' ही वडीलधाऱ्यांच्या नावामागे लावायची मानाची अक्षरं. ऊ थाऊंग छत्र्या करणारे. बांबूच्या काड्या, त्यावर ताणलेलं कापड, कापडाला रानफळाचा रस पाजलेला, आणि वर फुलं काढलेली. डो फ्यू त्या छत्र्या विकणाऱ्या. काल संध्याकाळी बसमधून उतरल्या उतरल्या म्हाताऱ्याने नीलारला पिंपळाआड नेऊन सगळं सांगितलं होतं. बायकोच्या हृदयाची झडप निकामी झालीय. यांगोनचा डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन करावं लागेल, आणि लौकर. ही म्हणते, जन्मापासून बंद असलेलं घर मी परक्या माणसाला उघडू देणार नाही. लेक रडली, सून रडली, डॉक्टर रागावला. शेवटी ती एवढंच म्हणाली, बागानचे दाताचे चार पॅगोडे एका सकाळीत घडले, तर मी त्या टेबलावर पडेन. नाही घडले, तर मला माझ्या चटईवर पडू द्या.

दाताचे पॅगोडे म्हणजे ज्यांच्या पोटात भगवंताचा दात आहे असं मानतात ते. एक गावात, एक टेकडीवर, एक नदीच्या काठाला, आणि चौथा नदीपलीकडे डोंगरावर. सूर्य डोक्यावर यायच्या आत चारही ठिकाणी गुडघे टेकले, आपापल्या जन्मवाराच्या कोपऱ्यावर पाणी घातलं, की मागितलेलं मिळतं. 

"होईल ना गं पोरी, बाराच्या आत?" ऊ थाऊंगनी काल विचारलं होतं.

"होईल की काका. वाटेत दोघं भांडत बसला नाहीत तर."

"मग नाही व्हायचं," म्हातारा गंभीरपणे म्हणाला होता.

पहिला श्वेझिगोन. पहाटेचं धुकं अजून सोन्याला बिलगून होतं, जसं लेकरू आईच्या पदराला बिलगतं. फरशी गार होती, पायाचे तळवे आपोआप आखडत होते. डो फ्यूंनी गालांवर थनाखाच्या सालीचं पिवळं गंध जाड लावलं होतं आणि अंबाड्यात जाईचा गजरा. ऊ थाऊंग आत शिरले ते मान मागे टाकूनच. त्यांची नजर पॅगोड्याच्या पायाला लागली नाही, घुमटाला लागली नाही, थेट कळसाच्या छत्रीला जाऊन टेकली.

"सोन्याची आहे, मान्य. माणकं लावलीत, तेही मान्य," ते म्हणाले. "पण जी मिटता येत नाही, ती छत्री कसली?"

"भगवंताला कुठे काखेत मारून बाजाराला जायचंय?" डो फ्यू म्हणाल्या. "चला, पाणी घाला आधी. बिनशेपटीचे."

नीलार हसली. "बिनशेपटीचे?"

"अगं, हे शुक्रवारचे. शुक्रवारचं जनावर कुठलं, तर बिनशेपटीचा उंदीर. मी गुरुवारची. शेपटीचा उंदीर. लग्नात माझी आजी म्हणाली होती, जोडा शोभतो गं, पण शेपूट सगळी तुझ्याच वाटणीला आलीय."

पॅगोड्याभोवती वारावारांचे कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर एक छोटी मूर्ती, तिच्या पायाशी त्या वाराचं जनावर, बाजूला पाण्याचं टाकं आणि टाक्यावर पेले. ज्याचा जन्म ज्या वारी, त्याने त्या कोपऱ्यावर पाणी घालायचं. नावही त्या वाराच्या अक्षरावरूनच ठेवायचं. डो फ्यू पश्चिमेला आपल्या उंदरापाशी गेल्या. ऊ थाऊंग उत्तरेला गेले आणि तिथे दणादणा पाणी ओतलं, बायकोला ऐकू जाईल असं. मग ती डोळे मिटून बसलेली बघून हळूच नीलारपाशी आले.

"पोरी, नीलार हे शनिवारचं नाव ना?"

"हो काका. मी नागाची. तो नैऋत्येचा कोपरा माझा."

"माझाही तोच," म्हातारा म्हणाला.

नीलारला आधी कळलंच नाही. त्याने तिच्याकडे न बघता, हातातल्या आपल्या छत्रीच्या दांड्यावरून बोट फिरवत, पुढचं सगळं सांगून टाकलं. आपण शनिवारचे. आईने ठेवलेलं नाव तुन. पण जीव जडला गुरुवारच्या पोरीवर. शनिवार-गुरुवारचं लग्न म्हणजे नागाच्या बिळात उंदीर, एक दुसऱ्याला संपवणार, असं सगळेच धरून चालतात. फ्यूचा बाप तर चप्पलसुद्धा वार बघून घेणारा. तेव्हा आईनेच युक्ती काढली. नाव बदललं, वार बदलला, पलीकडच्या गावचा शुक्रवारचा थाऊंग म्हणून मुलगा दाखवला. लग्न झालं. मुलं झाली, नातवंडं झाली. आणि म्हातारा जन्मभर परक्या कोपऱ्यावर पाणी घालत राहिला.

"तिथून मागितलेलं कोणाला पोचलं असेल गं? चुकीच्या पत्त्यावर टाकलेलं टपाल ते. एरवी चालून गेलं. आज नाही चालायचं. आज मला माझ्या कोपऱ्यावरून मागायचंय, चारही ठिकाणी. तेवढं तिला गुंतवून ठेव."

"मग काकूंना सांगूनच टाका ना."

"वेडी की काय! तिला कळलं, इतकी वर्षं नाग उशाशी घेऊन झोपत होते, तर ती म्हणेल, म्हणूनच काळीज फाटलं माझं. मग ती कसलं ऑपरेशन करून घेतेय? हात जोडतो पोरी. म्हातारपणी एवढंच तोंड राहू दे माझं."

एका पाहुण्याचं दुसऱ्याच्या कानी घालायचं नाही, हा नीलारचा नेम होता. मग ती नवराबायको का असेनात. तिने मान हलवली आणि डो फ्यूंना हाताला धरून पूर्वेच्या फरशीतल्या एका वाटीएवढ्या खळग्यापाशी नेलं. त्यात पाणी भरलेलं असतं. ओणवं होऊन बघितलं की अख्ख्या कळसाची छत्री त्यात दिसते.

"राजाला मान वर करून बघायचं तर मुकुट पडायचा काकू. म्हणून त्याच्यासाठी हे पाणी ठेवलं."

"आमच्या राजाला दाखव हे. त्याची मान अशीच मोडणार आहे एक दिवस," डो फ्यू म्हणाल्या. पण बघत राहिल्या. वाटीभर पाणी आणि त्यात थरथरणारं सोनं. तेवढ्यात म्हातारा नैऋत्येकडून आला. बाही कोपरापर्यंत ओली. डो फ्यूंनी त्या बाहीकडे पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

"तुम्ही बघा हो ही गंमत. नीट बघा. मी जरा फुलं वाहून येते," त्या म्हणाल्या आणि नीलारला दंडाला धरून खांबाआड नेलं. 

"पोरी, तू शनिवारची ना?"

"हो काकू."

"मला तुझ्या कोपऱ्यावर घेऊन चल. आणि परत येईस्तो ह्यांना त्या खळग्यापाशी धरून ठेव. विचारू नकोस काही."

नीलारने त्यांना नैऋत्येला नेलं. डो फ्यू नागापाशी उभ्या राहिल्या. नागाच्या दगडी फण्यावरून अजून पाणी ओघळत होतं, नुकतंच घातलेलं. त्यांनी हसून त्या ओलीला बोट लावलं, आणि वर आपलं पाणी घातलं, पेल्यावर पेला, ओठ हलवत, हळूहळू, जसं तापलेल्या पोराच्या कपाळावर घालतात.

नीलार पळत परत गेली. म्हातारा खळग्यावर ओणवा होऊन छत्रीच्या कड्या मोजत होता. "कोणाच्या हातची आहे हे कळत नाही," तो पुटपुटला. "पण हात चांगला होता."

गाडीत दोघं पुन्हा काचेवरून भांडले. नीलार मात्र ताठ बसून होती. दोन्ही कानांत दोन गुपितं घेऊन बसलेल्या माणसाने मान हलवायची तरी कशी?

तुयिन टेकडीवर गाडी वरपर्यंत जाते. वर पोचेस्तोवर धुकं फाटलं होतं आणि खाली सगळं बागान पसरलं होतं. लाल विटांची देवळं, लहान, मोठी, कळस असलेली, कळस गेलेली, जणू कुणी खेळता खेळता मूठभर शिंपले सांडून घरी जेवायला गेलं. डो फ्यू कठड्याला टेकून दम खात होत्या. छातीवर हात, पण तोंड चालूच.

"एवढे पॅगोडे! आणि नवरा मात्र एकच दिला भगवंताने."

"तोसुद्धा बिनशेपटीचा," ऊ थाऊंग म्हणाले आणि खिशातून चिंचेच्या वडीची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. "जिभेखाली धर. बोलू नकोस जरा वेळ. टेकडीला विश्रांती मिळेल."

इथेही तसंच झालं. आधी नीलारने काकूंना खालची देवळं नावानिशी दाखवली आणि काका सटकले. मग काकांना तीच देवळं नावानिशी दाखवली आणि काकू सटकल्या. काका म्हणाले, "हे मघाशी तू तिला सांगत होतीस तेच." नीलार म्हणाली, "देवळं तीच आहेत काका, मी काय करू?" आणि मनात म्हणाली, भगवंता, मला या पापातून सोडव, मी सकाळपासून एकाच नागाला दोनदा भेटवतेय.

तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनदा भेटवण्यात दुप्पट वेळ जात होता.

लोकनंदा नदीकाठी. सोनेरी घंटा पालथी घालावी तसा पॅगोडा आणि त्याच्या पायाशी इरावती, थंडीने रोडावलेली, पण डौल न सोडलेली. म्हातारा नागाकडे गेला तशी डो फ्यू सावलीत बसल्या. नीलारने आज सकाळपासून दाबून ठेवलेलं तोंडून निघालंच.

"काकू, तुमचा उंदीर पश्चिमेला. मग नागाला का पाणी घालता?"

त्यांनी नदीकडे बघत लुंगीची निरी सारखी केली. "माझा नवरा शनिवारचा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतं, मला ठाऊक नाही."

नीलार त्यांच्याजवळ सरकून बसली.

"लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी आणि सासूबाई कैरीचं लोणचं घालत होतो. त्यांचा हात भरात आला, की जीभही भरात यायची. म्हणाल्या, माझा नाग लहानपणी असा होता, तसा होता. म्हटलं, कुठला नाग? त्या बाईचा मिठाचा हात तसाच वर राहिला. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो, इतक्या हसलो, की मीठ दोनदा पडलं. ते लोणचं कोणी खाऊ शकलं नाही."

"आणि भीती नाही वाटली?"

"वाटली ना. रात्रभर जागी राहून त्याच्याकडे बघत होते, आता गिळतोय की मग गिळतोय. पहाटे त्याने झोपेतच माझ्या अंगावर पांघरूण ओढलं. मग मी झोपले." डो फ्यू हसल्या. "अगं, माझा नवरा छत्रीत एक काडी कमी पडली तर गिऱ्हाइकाला बोलावून दाखवणारा माणूस. त्याने जन्मात एकच खोटं बोललं, आणि ते माझ्यासाठी. ते त्याच्याकडून कसं काढून घेऊ? मी ठरवलं, तो माझ्यासाठी शुक्रवारच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहतोय, तर त्याच्या शनिवारचं मी बघते. तेव्हापासून जिथे जाईन तिथे त्याच्या नागाला पाणी मी घालते. उपाशी नाही ठेवला कधी."

"मग आता सांगायला काय हरकत आहे?"

"आता तर मुळीच नाही. तो म्हणेल, माझ्याच वाराने हिचं काळीज बिघडवलं. ऑपरेशन माझं व्हायचं आणि मरायचा तो." त्यांनी हात पुढे केला. "ऊठ. तो परत येतोय, आता मी जाऊन येते. तू त्याला नदी दाखव. नदी बघायला लागला की भान नसतं त्याला."

नदी मात्र त्या दिवशी सगळ्यांनाच दिसली, पोटभर. पलीकडे न्यायला नाव सांगून ठेवली होती. नावाडी म्हातारा, तोंडात विडा, डोक्याला पंचा. निम्म्या पात्रात नाव खरखरली, थरथरली आणि वाळूत बसली. थंडीत इरावती रोज आपला बिछाना बदलते. काल जिथे पाणी, तिथे आज वाळूची पाठ. नावाडी पाण्यात उतरला, खांदा लावला, आणि वैतागायचं सोडून गाऊ लागला.

"नदी बाई सावळी
थंडीत रोडावली
वाळूत अडवली
नाव माझी"

"गाऊ नका, ढकला!" ऊ थाऊंग ओरडले.

"गायलो नाही तर ढकलवत नाही बाबा," नावाडी म्हणाला. "तुमच्या घरात ढकलायचं काम कोण करतं?"

"मीच करते," डो फ्यू म्हणाल्या. "चाळीस वर्षं."

पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्या सूर्याकडे बघत होत्या. ऊ थाऊंगनी आपली छत्री उघडून तिच्यावर धरली, लाल, कडेला पांढरी फुलं काढलेली. मग ती तिच्याच हाती दिली, लुंगी वर खोचली आणि ते सरळ पाण्यात उतरले. नावाड्याच्या खांद्याशी खांदा लावला. नीलारही उतरली. पाणी मांडीपर्यंत, गारठून टाकणारं. नाव हलेना. काठावरच्या मठातून भिक्षूंच्या दुसऱ्या जेवणाची लाकडी घंटा ऐकू आली, टॉक टॉक टॉक. म्हणजे सकाळ संपत आली होती.

"राहू द्या हो," नावेतून डो फ्यू म्हणाल्या. "नाही तर नाही. बाहेर या. पाण्याने खोकला धरेल."

"गप्प बस!" म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर खरं ओरडला असावा, कारण ती खरंच गप्प बसली. त्याने परत खांदा लावला. आणि नाव, कुणी कुशीवर वळावं तशी, हळूच वळून पाण्यात गेली.

पलीकडे जीप उभी होती. तांची डोंगराची वाट दगडधोंड्यांची. जीप उडत होती, आपटत होती, आणि ऊ थाऊंग दोन्ही हातांनी बायकोला असे धरून बसले होते, जसं मडकं धरतात. कुणी काचेवरून भांडलं नाही, जीपला काचच नव्हती. वर पोचल्यावर शेवटच्या पायऱ्या डो फ्यू एकेक करत चढल्या. प्रत्येक पायरीवर थांबून. नीलार एकीकडून, म्हातारा दुसरीकडून. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. वर सोनं तळपत होतं. पॅगोड्याभोवती दगडी हत्ती रांगेने उभे, आणि खाली नदी, पलीकडे देवळांचं सगळं मैदान. पण आज बघायला कुणाला वेळ होता?

नीलारने घड्याळ पाहिलं. फार थोडं उरलं होतं.

"पोरी," ऊ थाऊंग तिच्या कानाशी लागले, "तिला जरा हत्ती दाखव."

"पोरी," दुसऱ्या कानाशी डो फ्यू, धापा टाकत, "ह्यांना जरा हत्ती दाखव."

नीलार दोघांच्या मध्ये उभी राहिली. आधी एकाला नेऊन आणायचं, मग दुसऱ्याला, एवढा वेळ सूर्याकडे नव्हता. एकाचंच झालं, तर दुसऱ्याचं अडणार. काकांचं राहिलं, तर ते जन्मभर म्हणणार माझ्यामुळे बुडालं. काकूंचं राहिलं, तर त्या चटईवर जाऊन पडणार. आणि तोंडाने तर काही सांगता येत नव्हतं, दोघांनाही शब्द दिलेला.

"काका, काकू," ती म्हणाली, "चारही ठिकाणी तुम्हाला फिरवता फिरवता माझ्या नागाला पाणी घालायचं राहूनच गेलंय. हा शेवटचा. चला माझ्याबरोबर. एकटीला सोडू नका."

आता नाही कसं म्हणणार? पूर्वेकडून उजवीकडे फिरत निघालं, की नैऋत्येचा नाग आधी लागतो, पश्चिमेचा उंदीर मग. दोघं तिच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले, एकमेकांकडे न बघता. फरशी तापलेली, तळवे भाजत होते.

नागापाशी टाकं काठोकाठ भरलं होतं. नीलारने एक पेला भरला आणि काकूंच्या हातात दिला. दुसरा भरला, काकांच्या हातात दिला. तिसरा भरलाच नाही. ती वळली आणि सरळ चालत हत्तींपाशी गेली, आणि एका हत्तीच्या सोंडेकडे अशी बघत उभी राहिली, जशी तिने सोंड आज पहिल्यांदाच पाहिली.

मागून डो फ्यूंचा आवाज आला, दमलेला.

"घाला ना. हातात धरून काय उभे राहिलात? कोपरा तुमचा आहे."

"माझा शुक्रवारचा..."

"तुन."

आईने ठेवलेल्या त्या नावाने त्यांना कुणी हाक मारून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. नीलारने मान वळवली नाही, पण पेला फरशीवर पडल्याचा आवाज तिने ऐकला.

"तुला... कधीपासून?"

"ते खारट लोणचं आठवतं? तेव्हापासून."

"आणि तरी तू... फ्यू, तुला माहीत होतं, आणि तरी तू माझ्या शेजारी..."

"मग कुठे जाऊ? तुमच्याच घरात पांघरूण आहे." डो फ्यूंनी दम खाल्ला. "ऐका. काळजाची झडप माझी आहे, तुमच्या नागाची नाही. माझ्या आईलाही हेच होतं, आणि ती शुक्रवारच्या माणसाच्या घरात होती. अगदी खऱ्या शुक्रवारच्या. आता रडू नका हो. इथे पाणी नागाला घालतात, फरशीला नाही."

मग पाण्याचा आवाज आला. एक धार, आणि तिच्यात मिसळलेली दुसरी. घाईची नाही. नीलार सोंडेला हात लावून उभी होती आणि तिला वाटत होतं, आता आटपा, आता आटपा, तुमचा उंदीर अजून राहिलाय.

आणि खालच्या मठात बाराची तोफ झडावी तशी मोठी घंटा झाली.

नीलार पळतच परत आली. "काकू! उंदीर!"

डो फ्यू नागाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. ऊ थाऊंगचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी पश्चिमेच्या कोपऱ्याकडे पाहिलं. हाकेच्या अंतरावर होता. 

"राहिला," ते म्हणाले. "माझ्यामुळेच राहिला. चार ठिकाणं झाली आणि शेवटी..."

"काय राहिलं?" डो फ्यू म्हणाल्या.

"तुझा कोपरा. तुझा नवस."

"नवस कोणी केला होता?"

"तू."

"मग कुठे केलाय ते मलाच ठाऊक असणार ना." त्यांनी ओला हात नागाच्या फण्यावर ठेवला. "माझ्या उंदराकडे मी काय मागणार? तो माझ्यासारखाच भित्रा. मी सकाळपासून चारही ठिकाणी इथेच मागितलंय. तुमच्या नागाला सांगितलंय, बाबा रे, हा माणूस माझ्यामागे एकटा राहायच्या लायकीचा नाही. त्याला जेवायची वेळ कळत नाही, लुंगी उलटी नेसतो. मला परत पाठव, नाही तर याची जबाबदारी तू घे. चौथ्यांदाही सांगून झालं, घंटेच्या आधी. विचारा त्याला."

ऊ थाऊंगनी नागाकडे पाहिलं. खरंच विचारणार असल्यासारखं.

"म्हणजे तू टेबलावर..."

"पडेन म्हटलं ना. फाडू देत, काय फाडायचं ते. पण शुद्ध येईल तेव्हा तुम्ही समोर हवेत. आणि बाही कोरडी घालून या. सकाळपासून ती ओली बाही बघून मला हसू दाबवत नाहीये."

म्हाताऱ्याने आपली बाही बघितली. मग बायकोकडे. मग आकाशाकडे मान टाकून, कळसावरची छत्री बघतोय असं दाखवत, तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

उंदराच्या कोपऱ्यावर ते दोघं नंतर गेलेच, घंटा होऊन गेली तरी. पाणी घातलं, हात जोडले. मग पॅगोड्याच्या मोठ्या घंटेपाशी जाऊन ऊ थाऊंगनी लाकडाने तीनदा ठोका दिला. आजच्या पुण्यातला वाटा ऐकणाऱ्या सगळ्यांना. आवाज डोंगरावरून उतरला, नदीवर गेला, आणि खाली जीपवाल्याने, हत्तींपाशी नीलारने, कोण जाणे कदाचित वाळूतल्या त्या नावाड्यानेही, "साधू, साधू, साधू" म्हटलं.

उतरताना लाल छत्री पुढे चालली होती, तिच्याखाली दोन डोकी.

"सावकाश. पायरी तुटकी आहे तिथे."

"दिसतेय मला. डोळे नाही फाडायला दिलेत."

"छत्री जरा इकडे धर. मला ऊन लागतंय."

"छत्री कोणी केली? तुम्ही. मग तुम्हीच धरा."

नीलार मागे थांबली. आपला पेला राहिलाच होता. बारा वाजून गेले होते, पण तिला काही मागायचं नव्हतं. ती नागापाशी गेली, पेला भरला, आणि क्षणभर तशीच उभी राहिली. नाग फण्यापासून शेपटीपर्यंत निथळत होता. पायाशी डबकं साचलं होतं, आणि त्या डबक्यात कळसावरची छत्री थरथरत होती.

आज याला तहान नव्हती. तिने हसून तरी पाणी घातलं, आणि चपला हातात घेऊन पायऱ्या उतरू लागली. खालून काचेवरून भांडण सुरू झाल्यासारखं वाटत होतं, पण जीपला काच नव्हती. तिने कान दिला. ते आता, ऑपरेशन झाल्यावर पहिलं लोणचं कोण घालणार, यावरून भांडत होते.